धनंजय सरांचे तीन

आमच्या लॅबमध्ये पाच नंबरांची पद्धत मी आणली, म्हणून शिव्याही मीच खाल्ल्या. फुफ्फुसातल्या गाठीतून सुईने काढलेल्या पेशी काचेवर पाहून आम्ही निदान लिहितो. पूर्वी ज्याला जे सुचेल ते तो लिहायचा. कुणी 'काही पेशी विचित्र', कुणी 'पुन्हा तपासून पाहावे', कुणी अर्धं पान निबंध. आता एक म्हणजे नमुना अपुरा, दोन म्हणजे निर्धोक, तीन म्हणजे पेशी जरा वेगळ्या पण बहुधा सुजेमुळे, चार म्हणजे कॅन्सरचा दाट संशय आणि पाच म्हणजे कॅन्सर. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा बरं! पण धनंजय सरांच्या ते पचनी पडेना.

सर मूळचे सोलापूरचे, उभी हयात लखनौत गेलेली. पेशी ओळखण्यात त्यांचा हात धरणारा इथे कुणी नाही, हे मीही मानते.

"नयना, मला नंबर कशाला?" ते म्हणायचे. "खाली माझी सही असते ना? त्रिपाठी सही आधी वाचतो, रिपोर्ट मग."

हे खरं होतं, आणि तेच मला खटकायचं. छातीचे डॉक्टर त्रिपाठी हे सरांचे जुने दोस्त. सर भलते सावध. पेशी थोड्या असल्या की मनात खात्री असूनही रिपोर्ट मऊ लिहायचे, 'बहुधा सूज' असा. मऊ रिपोर्टखाली सरांची सही दिसली की त्रिपाठी लगेच पुन्हा नमुना घ्यायचे. तस्साच रिपोर्ट माझ्या सहीने गेला की म्हणायचे, सूज असेल, थांबू. आजार एक, आणि इलाज सही बघून!

दिवाळीत त्रिपाठी निवृत्त होऊन देहरादूनला गेले. त्यांच्या जागी डॉ. अनन्या सक्सेना आली. तरुण, कामाला चोख. त्याच सुमारास नंबर सुरू झाले आणि कुरकुरत का होईना, सरही ते घालू लागले. मला वाटलं, सुटले बाई.

मग या आठवड्यात रमाकांतचा नमुना आला. रेल्वेत इंजिनिअर, आलमबागेत क्वार्टर, मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झालेली. खोकला हटत नव्हता, स्कॅनमध्ये गाठ दिसली होती. त्याची बायको पद्मा लॅबच्या दारातच उभी राहिली.

"नयनाताई, टीबीच निघू दे हो," ती म्हणाली. "गोळ्या घेतील, बरे होतील. मी हनुमान सेतूच्या मंदिरात नवस बोलून आलेय."

टीबी निघावा म्हणून नवस! कॅन्सरपेक्षा टीबी बरा, असं इथे नेहमी ऐकते.

दुपारी रिपोर्ट माझ्यासमोर आला. सरांनी लिहिलेला, नंबर तीन. मी स्वतः काच लावून पाहिली. पेशी मोजक्याच, पण त्यांची केंद्रकं मोठी, काळी, वेडीवाकडी. हा तीन असेल तर मी लखनौची नवाब!

रिपोर्ट अजून अनन्याकडे गेला नव्हता. मी गुपचूप नंबर बदलू शकले असते. पण मग पद्धत कसली, ती माझी मर्जी झाली. दोघांना एकदम बघता येतं त्या मायक्रोस्कोपवर मी सरांना बोलावलं.

"सर, हा तीन?"

"चार आहे गं. पाचही असेल. पण पेशी बघ किती कमी."

"मग तीन का घातलात?"

"अगं, माझा तीन म्हणजे चारच." सर वैतागले. "माझं असं मऊ लिहिणं त्रिपाठीला ठाऊक आहे."

"त्रिपाठी सर गेले, सर."

"मला काय सांगतेस? निरोपाचं भाषण मीच केलं की!"

मी अनन्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अनन्या, तीन नंबर आला की तू काय करतेस?" मी हिंदीत विचारलं.

"टीबी की दवा शुरू, मॅम, और कुछ महीने बाद स्कॅन. आप ही ने तो समझाया था, तीन मतलब ज़्यादातर सूजन."

"और साइन किसके हैं, वो देखती हो?"

"साइन कौन देखता है, मॅम? नंबर देखते हैं."

मला हेच तर हवं होतं. पण जिंकल्याचा आनंद काडीचाही झाला नाही.

सरांनी तीन खोडून चार केला, 'तातडीने पुन्हा नमुना घ्यावा' असं लिहिलं आणि खाली आपली लफ्फेदार सही ठोकली. पद्माला बाहेर जाऊन मीच सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "उद्या उपाशीपोटी आणायचं का त्यांना?"

परत आले तर सर चष्मा काढून बसले होते.

"नयना, त्रिपाठी दिवाळीत गेला ना?"

"हो, सर."

"मग दिवाळीपासूनचे माझे सगळे तीन काढ."

मी काचांचे ट्रे आणून ठेवले. सरांनी पहिली काच लावली.

"हाही चारच. कोण आहे बघ," ते म्हणाले.

मी कंप्यूटरवर पाहिलं. इथल्याच सरोजिनी नगरचा माणूस होता. टीबीच्या गोळ्या सुरू होत्या, आणि त्याला पुढच्या महिन्यात बोलावलं होतं.