परकराचा काठ
मांडीत सळ्या घालून सुवर्णेचं मोडलेलं हाड जुळलं, म्हणून गदगच्या नीलव्वानं हौसेनं लेकीला खणाचा परकर शिवला. पण काठ एका बाजूला वर चढायचा.

"अव्वा, शिवण विसरलीस की काय गं?" लेक हसली.

नीलव्वानं उसवून पुन्हा शिवला. काठ तसाच. तेव्हा तिनं लेकीला चटईवर सरळ निजवून टाचा जुळवल्या. मोडलेला पाय दुसऱ्यापेक्षा बोटाच्या जाडीनं लांब झाला होता.

डॉक्टर म्हणाले, "मुलांचं हाड जुळताना कधी कधी जास्तच वाढतं, अक्का. आता नुसती वाट बघायची."

"आणि मी काय करू?"

डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

घरी येऊन नीलव्वानं परकर पुन्हा उसवला आणि काठ वर चढायचा त्या बाजूला लांब ठेवून शिवला.

"आता कसा सरळ आला!" सुवर्णेनं गिरकी घेतली. नीलव्वानं मान वर केली नाही.