शांतितीर्थ आणि मरळी

मोहाडीच्या आठवडी बाजारामागं गर्दी उसळली होती. मौनीमहाराज आले होते. नाव मौनी, पण तोंड क्षणभर मिटत नव्हतं. "मी कोण देणारा? देते वरचा, मी फक्त चमचा," असं म्हणत ते प्रत्येकाच्या तळहातावर गुळमट शांतितीर्थ ओतत. अंगात आलेल्या बाया घटकाभरात पेंगायच्या आणि जयजयकार व्हायचा.

शेजारच्या शकुनबाईंनी सुनेला, रंजूला, तिथं नेलं. बाळंत झाल्यापासून रंजू रडायची, भिंतीवर डोकं आपटायची. तलावावरचं काही लागलं, असं घरानं ठरवून टाकलं होतं. तीर्थानं ती गप्प झाली, म्हणून महाराजांनी दिलेल्या बाटल्यांतलं तीर्थ घरी रोज चालू झालं. मी पूजेशिवाय पाणी घेत नाही, तरी ते गप्प होणं मला शांतीसारखं दिसेना.

शकुनबाईंचं घर मासेमाराचं. उरलेलं तीर्थ सांडायचं नाही, पाण्यालाच परत द्यायचं, ही त्यांची रीत. तलाव लांब, म्हणून त्यांनी ते बाजारासाठी जिवंत ठेवलेल्या मरळींच्या टबात ओतलं. मरळ मोठी चपळ, हाताला लागत नाही. पण त्या दिवशी मासे कलंडून वर आले आणि कोणीही उचलावेत असे पडून राहिले.

"मासोळ्याइलेही शांती भेटली," शकुनबाई हात जोडून म्हणाल्या. सारी गल्ली दर्शनाला लोटली.

माझी भाची हर्षा औषधशास्त्राच्या कॉलेजात शिकवते. ती टबापाशी वाकली, मग रंजूच्या मांडीवरचं बाळ पाहून एकदम उठली. बाळ दूध ओढत नव्हतं. लेकरू निजलं आहे, महाराजांनी तीर्थ वाढवायला सांगितलंय, असं शकुनबाई म्हणाल्या. हर्षा दवाखान्याचं बोलली, तशा त्या दारातच आडव्या आल्या.

हर्षानं दोन बादल्यांत पाणी घेतलं, दुसऱ्या टबातल्या दोन धडधाकट मरळी सोडल्या आणि एकीतच नव्या बाटलीतलं तीर्थ ओतलं. थोड्या वेळानं तीच मरळ कलंडली.

"शकुनमावशी, आम्ही कॉलेजात उंदराइले असंच औषध देतो. फिरत्या दांड्यावर ते टिकत नाहीत, खाली पडतेत. भेवसुद्धा वाटत नाही त्याइले. हे झोपेच्या गोळ्याइचं पाणी हाय. रंजूच्या दुधातून लेकराच्या अंगात जाऊन राहिलं."

शकुनबाईंनी बादलीत हात घातला. मासा बोटांतून निसटला नाही. मग बाळाला छातीशी धरून त्या स्वतःच रिक्षाकडे धावल्या.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बाळाचा श्वास थांबला होता. महाराजांच्या खोलीत पोलिसांना गोळ्यांची पाकिटं, खलबत्ता आणि गूळ सापडला.

बाळंतपणानंतर रंजूसारखा आजार होतो आणि तो औषधानं बरा होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. रंजूची गुंगी उतरली, तेव्हा तिनं कूस चाचपली.

"माह्यं लेकरू कोणापाशी हाय?"



बायांनो, मी देवापुढं रोज बसते, उद्याही बसेन. पण रडणारी सून दवाखान्यात न्या. तीर्थ देणाऱ्याला त्यात काय कालवलंय ते विचारा. विचारल्यानं देव रागावत नाही. जो रागावतो, त्याच्या हातचं पाणी लेकरांच्या आईला देऊ नका.