पडद्यावरचं गाव

"काका, हा पडदा काढा ना. मांगं हिरवं कापड लावा," खुशबू म्हणाली.

लिलाधरने कॅमेऱ्यावरून मान वर केली. "काहून वो? तुह्या बारशाचा फोटो याच पडद्यासमोर हाय."

"म्हणूनच नोको. मले मांगं बर्फ पाह्यजे. आमचा भाऊ भूपेश मोबाईलवर टाकून देते."

"बर्फ? या उन्हात?" स्टुलावर बसलेली तिची आजी, शकुनबाई, हसली. "मी तं आपल्या घरासमोरच बसीन, पोरी."

गोसीखुर्दच्या पाण्यात गाव गेलं, तेव्हा पुनर्वसनातल्या खोलीत लिलाधरने स्टुडिओ टाकला. जाड ताडपत्रीवर तैलरंगाने त्याने बुडालेलं गाव काढलं. घाट, उंबर, मारुतीचं देऊळ. जे कुटुंब फोटोला येई, त्याचं घर तो आधी पडद्यावर रंगवी, मगच कॅमेऱ्याला हात लावी. कुणी म्हणे, आमच्या छपराची कवेलू फुटकी होती गा, तशीच काढ. भंडाऱ्याच्या स्टुडिओत राजवाडे होते, बागा होत्या. आपलं दार फक्त लिलाधरकडे होतं. दुसऱ्या बुडालेल्या गावांतलेही लोक एसटीने येत.

मग हातोहाती मोबाईल आले आणि गिऱ्हाईक आटलं. या लग्नसराईत फोटोला आलेली खुशबू पहिलीच नवरी. त्याने बायकोला, रेवताबाईला, सांगून ठेवलं होतं, "हा फोटो पाहून लोकं वळले तं ठीक. नाही तं दुकान बंद. डोंगा हायच, मासे मारू."

"आजी, मी ते गाव पाह्यलंच नाही," खुशबू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "त्यात माह्यं घर कुठं हाय?"

लिलाधरने घाईने ब्रश उचलला. "आताच काढतो तुह्यं घर. टिनाचं, निळ्या दाराचं. सांग, कुठं काढू?"

खुशबूने पडदा न्याहाळला. सगळीकडे घरं होती. रिकामी फक्त नदी होती.

"पाण्यात काढता काय, काका?"

लिलाधरने ब्रश डब्यात ठेवला. पडदा स्वतःच उतरवला, हिरवं कापड लावलं आणि फोटो काढला. भूपेशने मोबाईलवर बर्फ टाकून दाखवला. स्वतःला बर्फात बसलेलं पाहून शकुनबाईने पदर घट्ट ओढून घेतला.

दारातून रेवताबाई सगळं पाहत होती. तिने खुंटीवरचं जाळं उतरवलं आणि फाटलेलं शिवायला बसली.

दिवस कलताना खुशबूचा बाप, जागेश्वर, आला. "लिलाधर, पडदा लागत नसन तं दे गा. उन्हाळी धान खळ्यावर उघडं हाय. आभाळ भरून आलं."

लिलाधरने उतरवलेला पडदा ओढून आणला. मग पडद्याचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

"ने. पण चित्राची बाजू खाली करजो. ओली नोको होऊ देजो."

दोघे घडी घालू लागले. देऊळ आत गेलं, उंबर गेला. शेवटचा कोपरा जागेश्वरच्या घराचा होता. जागेश्वरने त्यावरची धूळ हाताने पुसली, आणि तो हलकेच आत दुमडला.