पाचवीच्या बाकापर्यंत न पोचलेला पाट

तुम्ही तिला उभी केलीत. टाळ्या वाजवल्यात, शाल पांघरलीत, हातात नारळ दिलात आणि घरी जाऊन जेवलात. तिनं फक्त बसायला जागा मागितली होती.

मी पाट बोलतोय. लिंबाच्या लाकडाचा, चार बोटं उंचीचा, चारी कोपऱ्यांत पितळी फुलं ठोकलेला साधा पाट. पाट बसायला असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी माझ्यावर माणसं उभी करण्यातच माझं आयुष्य चाललंय, आणि त्याचा राग माझ्या लाकडातून अजून गेलेला नाही.

विट्याच्या ज्ञानू सुताराकडून तात्यांनी मला करून घेतलं. तात्यांचा मुलगा रविराज सोनं गाळण्याच्या धंद्यात. आमच्याकडचे पुष्कळ पुरुष मुलूख सोडून जातात, तसं त्याचं दुकान तिकडं लांब सेलमला. घरी यायचा तो वर्षातून एकदा, दिवाळीला. आला की त्याला माझ्यावर बसवून ओवाळायचं. उरलेलं वर्ष मी देवघराशेजारी भिंतीला टेकलेला. अशा घरात पाट म्हणजे लांब गेलेल्या माणसाची जागा असते. ती रिकामी असली तरी तिला कुणी पाय लावत नाही.

रविराजच्या मुलीनं, मयूरीनं, ती रीत मोडली. चार वर्षांची होती तेव्हापासून ती मला ओढत खिडकीखाली न्यायची, माझ्यावर मांडी ठोकायची आणि समोरच्या फरशीवर खडूनं आकडे मांडायची. गणित सुटायला आलं की तिच्या उजव्या पायाचा अंगठा माझ्या कडेवर वाजू लागायचा. टकटक, टकटक. उत्तर सापडलं की थांबायचा. आपण असं करतो हे तिला स्वतःला माहीत नव्हतं. घरातही कुणाला नव्हतं. मला होतं.

शाळेत गेली आणि तिचे हाल सुरू झाले. दुसरीच्या वर्गात इतर मुलं पाटीवर बेरीज उतरवून घेईपर्यंत हिची सोडवून व्हायची. बाईंनी आधी तिला फळा पुसायला लावलं. मग ती शेजारणीला उत्तरं सांगते म्हणून दाराशी बसवलं. मग रोज सकाळी तिचं पोट दुखू लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. एकदा माझ्यावर बसून दूधभात खाता खाता तिनं आईला विचारलं, "आई, आजपण अठ्ठावीस अधिक चौदाच आहे का गं?"

प्रमोदिनीच्या, तिच्या आईच्या, हातातला घास तसाच राहिला. ती स्वतः गणित घेऊन पदवीधर झालेली. पोटात काय दुखतंय ते तिला त्या क्षणी कळलं असावं.

तिनं चौकशी केली. सांगलीत विश्रामबागला एक बाई होत्या, मुलांची त्यांच्या इयत्तेच्या वरची चाचणी घेणाऱ्या. फोनवर त्यांनी बजावलं की टेबलखुर्ची मोठ्या माणसांची आहे, मुलीच्या पायाखाली ठेवायला काहीतरी घेऊन या. प्रमोदिनीनं मला उचललं. तात्या आडवे आले.

"अगं पोरी, ओवाळायचा पाट हाय त्यो. त्याला पाय लावायचा व्हय?"

"तात्या, पाय लोंबकळत राहिले तर तिचं डोकं कसं चालायचं?"

मग तात्यांनीच पंच्यानं माझी धूळ पुसली आणि मला पिशवीत घातलं.

एसटीनं आम्ही सांगलीला गेलो. चाचणी लांबली. मयूरी खुर्चीवर, तिची पावलं माझ्यावर. चौथीची गणितं झाली, पाचवीची झाली, सहावीची सुरू झाली. तिच्या अंगठ्याचा तसा ताल मी कधी ऐकला नव्हता. पहिल्यांदाच तिला अशी गणितं मिळाली होती जी लगेच सुटत नव्हती. एका गणिताशी ती इतका वेळ झुंजली की बाई म्हणाल्या, सोड बाळा. तिनं मान हलवली, अंगठा वाजत राहिला, आणि थांबला. ती हसली. मी हसलो असतो, पण पाटाला तोंड नसतं.

नंतर बाईंनी प्रमोदिनीला समजावून सांगितलं. पोराची उंची दाराच्या चौकटीला लावून मोजायची, पण पोर चौकटीपेक्षा उंच निघालं तर चौकट काय सांगणार? म्हणून मोठं माप लावावं लागतं. मयूरीचं गणित पाचवीच्या पुढचं होतं, वाचन चौथीचं, अक्षर मात्र दुसरीतल्या मुलीचंच. सगळं एकदम नको, असं त्या म्हणाल्या. गणिताच्या तासाला पाचवीत बसवा, महिनाभर बघा, मग पुढचं ठरवा.

"आणि एक ऐका," त्या म्हणाल्या. "याचा गाजावाजा करू नका. आधी तिला तिथं बसू द्या, रुळू द्या."

प्रमोदिनीनं मान डोलावली. मनापासून डोलावली. शनिवारी ती शाळेत गेली, आणि मुख्याध्यापकही भले माणूस, त्यांनी चाचणीचा कागद वाचून सोमवारी घेऊन या म्हणून सांगितलं.

पण आनंद पोटात ठेवणं आमच्या घरात कुणाला जमतच नाही. प्रमोदिनीनं फक्त रविराजला सांगितलं. रविराजनं फक्त सेलमच्या आपल्या माणसांना सांगितलं. तात्यांनी फक्त पारावर. तिथं नानासो बसलेले होते. नानासो म्हणजे गावात कुणाचंही काही चांगलं झालं की त्याचा फलक लावणारे पुढारी. रविवारी सकाळी चौकात फ्लेक्स लागला. 'विट्याची बालवैज्ञानिक, दुसरीतून थेट पाचवीत!' मयूरीचा फोटो बशीएवढा, नानासोंचा परातीएवढा.

सोमवारी प्रमोदिनी मला पिशवीत घालून निघाली. पाचवीचे बाक उंच, मयूरीचे पाय पोचायचे नाहीत, म्हणून. मयूरी वाटभर उड्या मारत होती. मला ओवाळणीच्या दिवशीही इतका मान वाटला नव्हता.

मुख्याध्यापकांनी आम्हाला व्हरांड्यातच थांबवलं. त्यांचा चेहरा उतरला होता. कालपासून पालकांचे फोन येत होते. आमच्या पोरानं काय घोडं मारलंय, त्यालाही वर बसवा. कुणीतरी तक्रार घेऊन वरच्या साहेबांपर्यंत पोचलं होतं. ते म्हणाले, "ताई, गुपचूप केलं असतं तर मी निभावून नेलं असतं. आता चौकात फ्लेक्स लागलाय. आता वयाप्रमाणे वर्ग, एवढंच माझ्या हातात आहे."

आणि मग, जणू त्यानं भरपाई होणार होती, ते म्हणाले, "परिपाठाला तिचा सत्कार मात्र ठेवलाय."

मैदानावर माइक लावलेला. मयूरीचं तोंड तिथवर पोचेना. शिक्षक इकडंतिकडं बघू लागले, आणि कुणाला तरी पिशवीतून डोकावणारा मी दिसलो. "पाट आहे की!" पाचवीच्या बाकाखाली जायला निघालेल्या मला माइकखाली ठेवलं. मयूरी माझ्यावर चढली. तिला सदतीसचा वर्ग विचारला. तेराशे एकोणसत्तर, ती म्हणाली. टाळ्या झाल्या. मग ती शाल सांभाळत पुन्हा दुसरीच्या वर्गात गेली, आणि तिथं त्या दिवशी एकेचाळीस अधिक सतरा होतं.

त्यानंतर सत्कारांची रीघ लागली. पतसंस्थेचा वर्धापनदिन, गणेश मंडळ, इस्लामपूरच्या कारखान्याच्या सभागृहात कुठलासा मेळावा. प्रत्येक ठिकाणी पिशवी, पिशवीत मी. नाही म्हणायला गेलं की पाहुणे दुखावायचे, तात्यांचे जुने संबंध आड यायचे. मयूरीची पावलं माझ्यावर यायची, गार पडलेली, एकावर एक चढवलेली. अंगठा कधी वाजला नाही. तिथं विचारायचे ते तिला पाठच असायचं.

साताऱ्याच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी लाडानं विचारलं, "मोठेपणी कोण होणार, बाळ?"

"पाचवीत बसणार," ती म्हणाली.

सभागृह हसलं. पोट धरून हसलं. त्या हसण्याचा हादरा माझ्या चारी पायांतून गेला. तुमच्यापैकी एकालाही रडू आलं नाही?

दिवाळीला रविराज आला. तेल लावायला माझ्यावर बसला, आणि भिंतीवर ओळीनं लावलेली सन्मानचिन्हं बघत राहिला. प्रमोदिनीनं सांगितलं की शाळा आता एक समिती बसवून पुन्हा चाचणी घेते म्हणतेय. तिथं पोरगी टिकली तर सगळ्यांची तोंडं बंद होतील.

"कसोटीवर सोनं सारखं सारखं घासायचं नसतं," रविराज हळू आवाजात म्हणाला. "दरवेळी थोडं दगडालाच राहतंय. ते परत न्हाई मिळत."

"मग पटवायचं कसं त्यांना?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी चाचणीला होकार दिला. त्यांच्यावर मी रागावू शकत नाही. एकच दार दिसत असलं की माणूस तेच ठोठावतो.

समितीची चाचणी मुख्याध्यापकांच्या खोलीत झाली. पाच मोठी माणसं, चहा, बिस्किटं, आणि खुर्चीवर मयूरी. तिची पावलं माझ्यावर आली. पहिलं गणित. अंगठा वाजू लागला. टकटक, टकटक. थांबला. उत्तर सापडलं होतं. पण वर पेन्सिलचा आवाज येईना. बऱ्याच वेळानं आला. दुसरं गणित, तसंच. तिसरं, तसंच. प्रत्येक वेळी अंगठा थांबायचा, मग ती थांबायची, मग लिहायची.

समितीनं पेपर तपासला. जवळजवळ सगळं चुकलं होतं. कुणी चिडलं नाही. उलट सगळ्यांना हायसं वाटल्यासारखं झालं. मुलगी चांगली आहे, चारचौघींसारखीच आहे, असं कुणीतरी म्हणालं, आणि उरलेला चहा संपवला.

बाहेर व्हरांड्यात प्रमोदिनीनं मला खाली ठेवलं आणि लेकीसमोर गुडघ्यांवर बसली.

"येत नव्हतं का गं?"

"येत होतं."

"मग?"

मयूरीनं माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. "आता मला उभं नाही ना करणार?"

प्रमोदिनी तशीच उठून आत गेली. तिनं सांगितलं, विनवलं, पुन्हा एकदा घ्या म्हणाली. मुख्याध्यापक दमलेल्या आवाजात म्हणाले, "ताई, प्रत्येक आईला असंच वाटतं." सांगायला एक साक्षीदार होता. तो व्हरांड्यात पालथा पडला होता आणि लाकडाचा होता.

गावात बोभाटा झाला की आईनंच घोकून घेतलं होतं सगळं. फ्लेक्स उतरला. आता तो कुणाच्या तरी कडब्यावर अंथरलाय. तात्या पारावर जायचे बंद झाले. मयूरी तिसरीत गेली. बाई म्हणतात, पोरगी लय गुणी झाली, आता मधे मधे बोलत नाही. पोट दुखणंही थांबलं. सगळं कसं सुरळीत.

एकदा, उन्हाळ्याच्या सुट्टीत, तिनं मला पुन्हा खिडकीखाली ओढलं होतं. मांडी घातली. समोर वही होती. मी वाट बघत राहिलो. संध्याकाळ झाली, ती उठली. अंगठा एकदाही वाजला नाही. त्या दिवशी मला कळलं की सोनं कुठं राहिलं.

मग मंडपवाला केरबा आला आणि कार्यक्रमांना पाट लागतो म्हणाला. तात्यांनी मला स्वतःच्या हातानं त्याच्या टेम्पोत ठेवलं. त्यांना मी डोळ्यांसमोर नको होतो. त्या वर्षी दिवाळीला रविराजला खुर्चीवर बसवून ओवाळलं म्हणे.

तर मी आता इथं असतो, खुर्च्यांच्या चळतीत, कर्ण्याशेजारी. माझं एक पितळी फूल पडलंय. माझं मागणं फार नाही. तुमच्या घरात, आळीत, शाळेत असं एखादं पोर असेल तर टाळ्यांची घाई करू नका. आधी त्याला जिथं बसायचंय तिथं बसू द्या. पायाखाली काही लागलं तर पाट कुठंही मिळतो. मला मात्र आता कुणी ऐकेल याची आशा नाही.

परवा एका संस्थेचा कार्यक्रम होता. पाच वर्षांचं एक पोर, साऱ्या देशांच्या राजधान्या पाठ. त्याला माझ्यावर चढवलं. गार पावलं, एकावर एक. सत्कार संपला, माणसं पांगली. खुर्च्या भरणाऱ्या गड्यानं मला उचलून विचारलं की हा पाट त्या पोराच्या घरचा आहे का, द्यायचा का परत.

केरबा वायर गुंडाळत होता. त्यानं वरही पाहिलं नाही.

"टाक गाडीत. दरसाली एखादं हुशार पोर ऱ्हातंय उभं त्याच्यावर. फुडं त्यांचं काय हुतंय, मला न्हाई म्हायती. पाट तेवढा माझ्याकडं ऱ्हातोय."