नेव्हचा पहिला ठोसा

सॉल्टबुश या मोटरसायकलवाल्यांच्या क्लबच्या टोळीत मी आठ महिने काढले. त्यांच्यातच राहून त्यांच्यावर लिहायचं, हे अध्यक्ष ब्रॉगनला सांगूनच मी आत शिरलो होतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हायला गावच्या त्यांच्या गॅरेजात झोपलो, त्यांच्या रांगेच्या शेपटाला माझी जुनी मोटरसायकल पळवली. पाठीवर क्लबचं निशाण असलेलं जाकीट मात्र मला कधी मिळालं नाही. सगळे मला 'कारकून' म्हणत.

मग एका सकाळी पोलीस आले, गॅरेजची नेमकी एकच फरशी उखडली आणि खालच्या बंदुका घेऊन गेले. म्हणजे आतलंच कोणीतरी फुटलं होतं. त्या दिवसापासून माझ्याशी कोणी धड बोलेना.

रविवारी आम्ही पोर्ट लिंकनच्या रस्त्याला लागलो, मागे सामानाची गाडी. भर दुपारी ब्रॉगननं हात वर केला आणि रांग कच्च्या वाटेला वळवली. कोरड्या मिठाच्या तळ्याशी इंजिनं बंद झाली. एकानं माझी किल्ली काढून घेतली, दुसऱ्यानं फोन.

"बस खाली, कारकुना." ब्रॉगननं आवाज चढवला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. "आमच्यात जेवलास, आमची बिअर प्यायलास. पोलिसांना काय सांगितलंस?"

"मी काही सांगितलं नाही."

"मग कोणी सांगितलं?"

मला ठाऊक होतं. छाप्याच्या आधी नेव्हला मी मासळीच्या दुकानामागे एका गाडीतून उतरताना पाहिलं होतं. गाडीतला तो साध्या कपड्यांतला पोलीस मी बातम्यांसाठी कोर्टात जायचो तेव्हा कितीदा तरी पाहिलेला. आणि नेव्ह, क्लबातला सगळ्यात जुना माणूस, आता ब्रॉगनच्या शेजारी उभा राहून बुटाखाली मिठाची खपली चुरत होता.

नाव घेतलं असतं तर मी सुटलो असतो. नेव्ह मात्र त्या तळ्यावरून घरी गेला नसता.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"नेव्ह, बोलता कर याला."

नेव्ह पुढे आला. क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मारलं. हातचं राखून नाही. मी आडवा झाल्यावर बाकीच्यांच्या लाथा सुरू झाल्या. बरगडी मोडली. दोनदा ते नाव ओठांपर्यंत आलं, दोनदा रक्ताबरोबर गिळलं.

"पुरे," शेवटी ब्रॉगन म्हणाला. "एवढा मार खाऊन बोलला नाही, म्हणजे याला खरंच काही ठाऊक नसणार. नेव्ह, सामानाच्या गाडीत घाल आणि दवाखान्यात सोड. आणि तू मोटरसायकलवरून पडलास, कारकुना. कळलं?"

नेव्हनं मला सामानाच्या गाडीत घातलं आणि निघाला. मग निर्मनुष्य रस्त्यावर त्यानं गाडी थांबवली आणि सीटखालचा मोठा पाना काढून मांडीवर ठेवला.

"त्या दिवशी मला पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग सांगितलं का नाहीस, लेका?"

"त्यांनी तुला माझ्यासमोर मारून टाकलं असतं."

"आणि मी तुलाच मारलं."

"तेही चांगलंच मारलंस."

तो हसला नाही. "माझी पोरगी तुरुंगात होती रे. पोलीस तिला सोडतो म्हणाले."

पान्यावरची त्याची बोटं आवळत होती, सुटत होती. दाराची कडी माझ्या हाताशी होती, पण उतरून मी पळणार कुठे? समोरून एक मालवाहू ट्रक धडधडत गेला, आमची गाडी हादरली. नेव्हनं पाना मागे टाकला आणि इंजिन सुरू केलं.

दवाखान्याच्या दाराशी तो एवढंच म्हणाला, "लिही काय हवं ते. पोरीचं नाव घालू नकोस." व्हायलाकडे तो वळलाच नाही.

महिन्याभरानं माझ्या घरच्या फोनवर ब्रॉगनचा फोन आला.

"नेव्ह होता तो. पोरीला घेऊन पळाला. तुला माहीत होतं?"

माझा हात मोडलेल्या बरगडीवर गेला.

"तुझी मोटरसायकल गॅरेजात पडली आहे," तो म्हणाला. "येऊन घेऊन जा."

मी गेलो नाही.