काठीवरची दुसरी खूण

गल्लीत आलेल्या महाराजांनी आठवडाभर रोजच्यासारखा आजही भिंतीवर दंड आपटला आणि कोरड्या दगडातून पाण्याची धार सुटली. गल्लीत नळाला चार दिवसांनी पाणी येई, त्यामुळे माणसं एकमेकांवर पडली. कुणी घागर लावली, कुणी बादली. एकाला घाईत फुलदाणीच सापडली होती.

"पाणी आभाळात नाही, जमिनीत नाही," महाराज म्हणाले, "पाणी श्रद्धेत आहे. श्रद्धा आटली की नळ आटतो."

इतकं सोयीचं कारण पाणीपुरवठा खात्यालाही कधी सुचलं नव्हतं.

गर्दीच्या मागे म्हातारे प्लंबर हातात उंच काठी घेऊन उभे होते. धार त्यांना नीट दिसत नव्हती, पण आवाज ओळखीचा होता. दोन इंची पाइपातून पाणी पडलं की असाच आवाज येतो.

वीस वर्षांपूर्वी त्यांनी आणि बायकोने गल्लीच्या वरच्या टोकाला, वाचनालयाच्या अंगणाखाली टाकी बांधून घेतली होती. छपरांवरचं आणि रस्त्यावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी वाळूतून गाळून तिच्यात साठायचं. पुढे घरोघरी नळ आले आणि लोक टाकी विसरले. तीन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून टाकीची आठवण ठेवणारे ते एकटेच उरले. दर रविवारी सकाळी झाकण उचलून ते काठी बुडवत. काठीवर बायकोने नेलपॉलिशने खुणा केल्या होत्या. एक खूण म्हणजे गल्लीला एक महिना पुरेल इतकं पाणी. नळ पार बंद पडले तर हेच कामी येईल, असं ती म्हणायची. हे सांगायला त्यांनी एकदा सभाही बोलावली होती. तीन जण आले, त्यातला एक चुकून.

गेल्या रविवारी पाणी चौथ्या खुणेला होतं. आज सकाळी ते दुसरीवर आलं होतं. आठ दिवसांत दोन महिन्यांचं पाणी गेलं, आणि त्यातलं निम्मं तर लोकांच्या पायांखालून गटारात.

शेजारी शिलाईकाम करणारी ताई उभी होती. "ताई, हे आपल्याच टाकीतलं पाणी आहे," ते म्हणाले.

"काका, एकटे राहून राहून तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसायला लागलीय."

बोल जिव्हारी लागला. ते चढ चढून वर गेले, टाकीजवळचा व्हॉल्व्ह चावीने बंद केला आणि परत आले.

धार बारीक झाली आणि थांबली. महाराजांनी दंड आपटला. पुन्हा आपटला. भिंतीमागे समाधी लावून बसलेल्या शिष्याची खाटखूट ऐकू येऊ लागली.

"इथे कुणीतरी पापी आलाय," महाराज गरजले.

"मीच तो," प्लंबर म्हणाले. "वरचा व्हॉल्व्ह मी बंद केलाय. चावी माझ्या खिशात आहे."

ताई भिंतीमागे गेली. समाधीतल्या शिष्याचा हात पाइपाच्या तोटीवर होता. टाकी धुताना पाणी सोडायचा तो जुना पाइप होता. त्याचं तोंड भिंतीतल्या दगडाआड दडवलं होतं. वर टाकी, खाली भिंत. पाणी नुसतं उताराने येत होतं. दंड आपटल्याचा आवाज आला की शिष्य तोटी फिरवायचा.

महाराज दंड तिथेच टाकून निघाले. शिष्याची समाधी त्यांच्याआधीच उतरली होती.

"काका, आता उघडा ना," एकजण म्हणाला. "माझी बादली अर्धीच भरलीय."

"आधी वर चला, टाकी बघा."

बहुतेक जण घरी गेले. ताई तेवढी वर आली. तिने स्वतः काठी बुडवली, वर काढली आणि ओली खूण बघितली.

"दोन महिने. आणि पाऊस यायला?"

"तीन."

तिने ओल्या खुणेवरून बोट फिरवलं. "मी चार घागरी अंगणात ओतल्या, काका. पवित्र म्हणून."

"पाणी आभाळातून पडतं, उताराने वाहतं आणि अडवलं तरच राहतं," ते म्हणाले. "त्यात दंडाचं काही काम नाही. उद्या कुणी म्हणालं, ही धार माझ्यामुळे येते, तर एवढंच विचारायचं, पाइप कुठून आलाय? आणि उत्तर मिळेपर्यंत हात जोडायचे नाहीत."

काठी परत देताना तिने विचारलं, "रविवारी किती वाजता मोजता?"

तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"सात वाजता," ते म्हणाले. "पण तुम्ही लवकर आलात तरी चालेल. मी असतोच."