परतीच्या बोटीतला खेळाडू

"जेवण झाकून ठेवायला मी काय खानावळ काढलीय इथं?" रखमाबाईंनी कालवणाचं पातेलं ओट्यावर आपटलं. "कवाधरनं हाका मारतेय. हा आपला स्वतःशीच खेळतोय. पांढरंही हाच, काळंही हाच. वर कपाळाला आठ्या, जसा कुणी परका येऊन हरवून चाललाय."

प्रमिला चपाती लाटत होती. तिनं मान वर केली नाही. एरवी सासूच्या तोंडातून असं काही निघालं की ती निदान गालात हसायची. महिनाभर झाला, तिचं हसणं बंद होतं. विचारलं तर "काही नाही, आई" एवढंच. कामाला हात तेवढेच चालायचे, वाढताना हात आखडायचा नाही, औषधाची गोळी वेळेवर हातावर पडायची. पण नजर कुठंतरी सासूच्या खांद्यावरून पलीकडं. आपलं काय चुकलं, हे रखमाबाईंना उमगेना. आणि चुकलं का, असं सुनेला विचारणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

पदर खोचून त्या बाहेरच्या खोलीत आल्या. नात मैत्री बाहेर गेली होती. शुक्रवारची सुट्टी असल्यामुळं खाली घाला या आखाती वस्तीतल्या गॅरेजांची शटरं ओढलेली होती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी, खाली एसी घरघरत होता आणि त्याच्याखाली त्यांचा थोरला प्रेमानंद, म्हणजे त्यांचा आनंदा, पटावर ओणवा झाला होता. पंप आणि जनरेटर दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा मोठा इंजिनिअर. त्याच्या हाताखाली ढीगभर माणसं. सूरपासून इब्रापर्यंतच्या गावांत कुठंही मशीन बंद पडलं की यालाच फोन. जयंतीच्या कार्यक्रमात पहिलं भाषण याचंच. आणि घरात हे असं.

"सरक," त्या म्हणाल्या. "काळं माझं."

"आई, मी एक जुना डाव लावून बघतोय."

"जुन्या डावाला काय बघायचं? तो हरायचा तो हरून गेला."

प्रेमानंदनं निमूटपणे सोंगट्या पुन्हा मांडल्या. रखमाबाई शाळेत दुसरीपर्यंतच गेल्या, पण बुद्धिबळ त्यांना वडिलांनी, म्हणजे दादांनी, शिकवलं होतं. वडील पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. पोरीला लिहायला नाही बसवलं, पटावर बसवलं. त्यामुळं त्यांचे नियम पलटणीचे. प्यादं एक घरच चालणार. आणि ते पलीकडं पोचलं तर ज्या घरात पोचलं त्या घराचं मोहरं होणार. हत्तीच्या घरात पोचून वजीर व्हायचा चावटपणा नाही. प्रेमानंदनं जगाचे नियम समजावून सांगायचं कधीच सोडून दिलं होतं. तो आपला जगाच्या नियमानं खेळायचा, त्या पलटणीच्या, आणि दोघं एकमेकांना लबाड ठरवायचे.

थोड्या खेळी झाल्यावर त्यानं राजा उचलून दोन घरं सरकवला आणि हत्ती त्याच्या पलीकडं आणून ठेवला.

"एका खेळीत दोन मोहरी? दिवसाढवळ्या?"

"याला किल्लेकोट म्हणतात, आई. राजा सुरक्षित करायचा."

"आमच्या दादांचा राजा असला नव्हता. शह बसायच्या आधी एकदा घोड्यागत उडी मारायची मुभा. पुढं त्याचं त्यानं निस्तरायचं."

प्रेमानंद हसला नाही. पटाशेजारी उघडं पुस्तक पालथं पडलं होतं, जाडजूड, मुखपृष्ठावर टाय लावलेला एक देखणा तरुण. रखमाबाईंना त्याचं नाव जिभेवर धरवत नसे. त्या त्याला "तुझा एस्टोनियावाला" म्हणत.

"याचं झालं का वाचून?"

"याचं वाचून होत नाही," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज मोकळा झाला. "इवलासा देश गं, समुद्राकाठी. हा शाळकरी पोरगा, गावात तोडीचा कुणी नाही. मग पत्रानं खेळायचा. एक खेळी लिहून धाडायची, उत्तराची वाट बघायची. एकाच वेळी कितीतरी डाव. विशीच्या आत देशाचा विजेता झाला. पुढं हॉलंडमध्ये जगातले मोठमोठे एकत्र जमले, त्यात हा बरोबरीनं पहिला."

"मग जगाचा राजा झाला की."

"नाही ना. व्हायच्या आधी लढाई लागली. तेव्हा हा समुद्रापार होता, अर्जेंटिनात. सगळ्या देशांचे खेळाडू तिथं खेळत होते. कितीतरी जण म्हणाले, आता परत कशाला जायचं? राहिले तिथंच. आणि हा..." त्यानं बोटांत धरलेला उंट तसाच हवेत राहिला. "हा बोटीत बसून परत आला."

"लढाई लागलेली असताना?"

"हो."

"का?"

"आई असेल घरी त्याची."

"असं लिहिलंय त्यात?"

"यात खेळी लिहिल्यात, आई. मला आपलं वाटतं."

रखमाबाईंनी प्यादं पुढं सरकवलं, पण मनात त्या सुखावल्या. परमुलखातल्या गोऱ्या पोराची गोष्ट; त्यातही आपल्या लेकाला आईच दिसावी. पोरगा वाया गेलेला नाही.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरची खुदेजा आली होती, चिपळूणकडची. तिचा नवरा जहूर समोरच्याच एका गॅरेजात होता. हातात वाफाळत्या सांदणांचा डबा, आणि डबा टेबलावर ठेवता ठेवताच तिची पावलं स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या फ्रिजकडं वळली. तिनं फ्रिजला वीत लावली. मग दुसरी. मग मागं सरून डोळे बारीक केले.

"मावशी, याचं दार उलट्या बाजूनं लावता येतं काय हो? आमच्या किचनात डावीकडं भिंत आहे."

"आमच्या फ्रिजचं दार तुमच्या भिंतीला काय करायचंय?"

खुदेजा खळखळून हसली. "आता आमचाच म्हणायचा ना! प्रमिलाभाभींशी बोलून ठेवलंय मी. दुसऱ्या कुणाला देऊ नका हां. त्या इब्राच्या मंडळींचा डोळा तुमच्या सोफ्यावर पण आहे, सांगून ठेवते."

इथं कुणी मुलूख सोडून कायमचं निघालं की आधी कळतं ते शेजाऱ्यांना, आणि तेही माणसांवरून नाही, सामानावरून. कुणाची मिक्सरवर नजर, कुणाची शिवणयंत्रावर. ज्यानं आधी शब्द टाकला त्याचं ते. रखमाबाईंनी स्वतः असे तीन संसार मोडताना पाहिले होते. प्रेमानंदच्या कंपनीतला धनेश गेल्या वर्षी इथून गेला तेव्हा त्याचा कूलर त्यांनीच शब्द टाकून मिळवला होता. त्यामुळं वीत लावण्याचा अर्थ त्यांना कुणी सांगायला नको होता. पण कोण निघालंय, हे कळेना. आनंदाची नोकरी गेली? मग हा इतक्या शांतपणे खेळतोय कसा? की आपल्यालाच गावी धाडताहेत? पण एका म्हातारीला धाडायला फ्रिज कशाला विकायचा?

त्यांनी लेकाकडं पाहिलं. त्याची मान पटात गेली होती.

"भाभी, अजून नक्की काही नाही," तो पुटपुटला आणि उठला. "मी जरा खाली गाडीवर पाणी मारून येतो."

खुदेजाचं हसू मावळलं. "या अल्ला, माझं तोंड..." म्हणत ती डबा तिथंच सोडून गेली.

रखमाबाई स्वयंपाकघरात गेल्या.

"कोण निघालंय गं?"

प्रमिलानं लाटणं खाली ठेवलं. "कुणी नाही. कॅनडाला कायमचं जायचं झालंय, आई. दिवाळीच्या आधीच परवानगीचे कागद आले. मैत्रीची बारावी झाली की निघायचं ठरवलं होतं. तिला इथं पुढं शिकायला काय आहे? जायची मुदत पुढच्या महिन्यात संपते."

"मग?"

"मग काय. तुम्ही."

"मी काय?"

प्रमिलानं प्रथमच सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "ह्यांनी सांगितलं मला. तुम्ही रोज रडता म्हणे त्यांच्याजवळ. मला टाकून गेलास तर अन्न सोडीन, म्हणालात. मी तुमच्यावर राग धरायचा नाही असं ठरवलंय, आई. म्हणून तर बोलतच नव्हते. बोलले असते तर राग निघाला असता."

रखमाबाईंचं तोंड उघडलं. या तोंडानं आजवर कुणाला उधारी ठेवली नव्हती. गावच्या पाटलाला नाही, भावकीला नाही. नवऱ्याच्या मातीला त्या रडल्या नव्हत्या, आणि आता रडल्या म्हणे, रोज! पण मी रडले नाही म्हणावं, तर लेक बायकोसमोर खोटा पडतो. गप्प बसावं, तर नातीचं नशीब अडवून बसलेली म्हातारी आपणच. दोन्हीकडं नजर फिरवून त्या उभ्या राहिल्या. कॅनडा नेमका कुठल्या अंगाला, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"तव्यावरची करपली बघ," त्या म्हणाल्या, आणि बाहेर आल्या.

प्रेमानंद परत आला तेव्हा त्याच्या बाह्या ओल्या होत्या. आई पटासमोर बसली होती.

"धाकट्या नंदूकडं जाते मी," त्या म्हणाल्या. "साताऱ्याला. तिकीट काढ. मुदत चुकवू नका."

लेक आता पाय धरेल, असं त्यांना वाटलं. निदान डोळे तरी भरून येतील. प्रेमानंद खुर्चीत बसला तो असा, की जणू जहूरनं त्याला गाडीचं इंजिन गेल्याचं सांगितलं असावं.

"तुला तिथं करमायचं नाही."

"जन्म गेला तिथं. इथं करमतंय तर तिथं न करमायला काय झालं?"

"तुझं ब्लडप्रेशर..."

"नंदूची बायको नर्स आहे."

"त्याचं घर लहान."

"वर खोली काढलीय त्यानं. मागं त्याचा फोन आला तेव्हा तूच मला सांगितलंस."

"तू आत्ता म्हणतेस, आई. पण मनातनं तुला..."

"माझ्या मनाचं मी सांगते. पुढचं बोल."

त्यानं एक प्यादं उचललं, बोटांत फिरवलं, ठेवलं, पुन्हा उचललं. आतून चिमट्याचा आवाज आला तसा त्यानं स्वर खाली आणला.

"कॅनडातून धनेशचा फोन आला होता. तिकडं गोदामात खोकी लावतो. इंजिनिअर माणूस. हसत हसत सांगत होता."

त्याची नजर भिंतीवरच्या तसबिरींकडं गेली आणि तिथं टिकली नाही. त्याचे कानाजवळचे केस पिकले होते. रखमाबाईंना ते आजच दिसले. हा लहान असताना विहिरीच्या काठावरून उडी घ्यायला कचरायचा, आणि पोरांना सांगायचा, आईनं नको म्हटलंय. त्यांना तेव्हा ते गोड वाटायचं.

त्यांनी हात पुढं करून त्याच्या बोटांतलं प्यादं काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"भ्यालास, तर भ्यालास. त्यात पाप नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवलेला नव्हता, पण आत जाईल एवढा होता. "जायचं तर जा, राहायचं तर राहा. पण माझ्या डोळ्यांत नसलेलं पाणी तू तुझ्या बायकोला दाखवलंस, आनंदा. ऊठ आता. ती आत आहे. ते पुसायला तूच जा."